पाचवीच्या वर्गातला ज्वालामुखी

ज्वालामुखी मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी पत्र टाकून विचारू नये. पण मी तो शिकवलाय. लालबागच्या शाळेत, पाचवीच्या वर्गाला, आणि असा शिकवलाय की त्या वर्गातली पोरं आज आजोबा-आजी झाली तरी विसरलेली नाहीत. ज्याला खोटं वाटत असेल त्याने येऊन विचारावं.

संपादक म्हणाले होते, "परब, बोर्डांच्या गमती लिहा. लोकांना आवडतात." गमती पुष्कळ आहेत. एका लॉण्ड्रीवाल्याला बोर्डावर स्वतःचं नाव गणपतीपेक्षा मोठं हवं होतं, आणि गणपती रागावता कामा नये अशी वर अट. मी गणपती लांबवर डोंगरात बसलेला दाखवला. लांबचं लहानच दिसतं, त्यात देवाचा अपमान नाही. लॉण्ड्रीवाला खूश, गणपतीचीही तक्रार आली नाही. असल्या गमती मी चहाच्या दुकानात रोज सांगतो, फुकट. इथे मला दुसरं सांगायचं आहे.

माझं शिक्षण दुसरी. तीही पुरी नाही. वडील गिरणीत होते, ते अचानक गेले आणि आईने मला शाळेतून काढून एका पेंटरच्या दुकानात ब्रश धुवायला बसवलं. तिथे मला अक्षर आधी काढता आलं, वाचता मागाहून. म्हणजे 'उपाहारगृह' हा शब्द मी सुरेख काढायचो आणि आत काय मिळतं ते वासावरून ओळखायचो. पुढे स्वतःचं दुकान झालं, तेही माझ्या त्याच शाळेच्या गल्लीच्या तोंडाशीच. खांद्यावर शिडी घेऊन त्या फाटकावरून रोज जायचो. आत पोरं पाढे म्हणत असायची. मी फाटकाकडे बघायचो नाही. बघून काय करायचं?

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. सकाळी दुकानांचे बोर्ड, संध्याकाळी भिंती. लालबाग-परळच्या भिंतींवर गेरूने लिहिलेली जी मोठी, सरळ, एका उंचीची अक्षरं होती ती माझी. वाकडी होती ती दुसऱ्यांची. शाळेचे ड्रॉइंग मास्तर सत्याग्रहात गेले आणि त्यांना तुरुंगात टाकलं. ड्रॉइंगचा तास रिकामा पडला. तेव्हा हेडमास्तर स्वतः दुकानात आले.

"परब, भिंती रंगवता तसं पोरांना थोडं शिकवाल का? मास्तर सुटून येईपर्यंत."

"शिकवतो."

"जानेवारीत तपासणीला साहेब येतील. त्यांना तास बरा वाटला तर चालू ठेवू. नाही तर त्या वेळात गणित घालू. पालकही तेच म्हणतात, चित्रं काढून पोरगा काय मोठा होणार."

"बघू या."

ते जायला निघाले आणि परत वळले. "आणखी एक. मुलं तुम्हाला पेंटर म्हणतील. मास्तर नाही. मास्तर म्हणजे परीक्षा पास झालेला माणूस. उद्या वरून कोणी विचारलं तर मला उत्तर देता आलं पाहिजे."

माणूस वाईट नव्हता. नियमाचा होता. मी मान हलवली, पण ते मला लागलं. घरी सांगितलं तर आमची बायको मालवणीत म्हणाली, "मास्तर म्हटल्यान तर काय जेवताना पट्टी घेवन बसतलंस?" तिला काय सांगणार? ज्या शाळेतून पाटी-दप्तर घेऊन बाहेर पडलो, तिथे मला मास्तर म्हणून आत जायचं होतं. साहेब येऊन जाईपर्यंत मला ते कमवायचं होतं, बस. ही गोष्ट मी कोणाला बोललो नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

पाचवीला भूगोल शिकवायच्या कुमुदबाई. गिरगावातून ट्रामने यायच्या. बोलणं स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं, पण बाई हसऱ्या. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "पेंटर, मला ज्वालामुखी शिकवायचाय, आणि मी फळ्यावर काढला की तो पेढ्यासारखा दिसतो."

मी म्हटलं, "आधी तो असतो काय, ते मला सांगा."

त्यांनी पुस्तक उघडून वाचलं. मी म्हटलं, बाई, पुस्तक मिटा आणि सांगा. मग त्यांनी सांगितलं. जमिनीच्या पोटात इतकी धग की दगडाचं पाणी होतं. फट मिळाली की ते वर येतं, सांडतं, गार होऊन पुन्हा दगड होतं. त्यावर पुन्हा सांडतं. असं होता होता डोंगर.

"म्हणजे तो डोंगर स्वतःच्याच ओकारीवर उभा राहतो," मी म्हटलं.

बाईंनी दाराकडे बघून घेतलं. "वर्गात असं म्हणू नका. पण बरोबर आहे."

पहिल्या तासाला मी पोरांना सांगितलं, तुमच्या मनात येईल तसा ज्वालामुखी काढा. सगळ्यांनी काय काढलं असेल? गिरणीची चिमणी. डोंगर म्हणून खाली दोन तिरप्या रेघा, पण वरून निघणारा धूर अगदी चिमणीचा, एका अंगाला वाकलेला. कोणी तिला लोखंडी शिडीही लावली होती. त्यांचा दोष नाही. डोक्यावरून धूर सोडणारी दुसरी वस्तू त्या पोरांनी जन्मात पाहिली नव्हती. दत्तू म्हणून एक वात्रट होता, त्याने तर शेंड्याला भोंगा काढला.

"ज्वालामुखीला भोंगा कशाला रे?"

"मग लोकांना कळणार कसं, फुटणार आहे ते?"

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न बरोबर होता. बाई म्हणाल्या, "तोच तर त्रास आहे, दत्तू. त्याला भोंगा नसतो." पोरांनी हसणं सोडून खिडकीबाहेरच्या चिमणीकडे बघितलं. गिरणगावात भोंग्याशिवाय काही सुरू होत नाही, की थांबत नाही. भोंगा नसलेली मोठी गोष्ट म्हणजे काय, ते त्यांना तिथे कळलं.

पुढच्या तासाला मी दुकानातून स्टोव्ह आणि खळीचं भांडं घेऊन गेलो. पोस्टर चिकटवायची कणकेची खळ आम्ही रोज शिजवायचो. ती शिजताना वर साय धरते, सायीखाली वाफ कोंडते, मग फुगा येतो आणि फद्‌कन फुटतो. हात जवळ असला तर चटका बसतो. पोरांना गोल उभं केलं आणि म्हटलं, नुसतं बघा, काढू नका. बराच वेळ काही होईना. एका पोराने जांभई दिली. तेवढ्यात फद्‌. सगळे मागे सरकले.

"आता काढा," मी म्हटलं. "आधी पोट काढायचं. डोंगर मागाहून."

त्या दिवशी चिमण्या गेल्या.

या वर्गात यमुना नावाची मुलगी होती. तिची आई चाळीचाळीतून 'पाट्याला टाकीऽऽ' म्हणत फिरायची. हल्ली मिक्सर आले, पण तेव्हा पाटा वापरून गुळगुळीत झाला की वाटण नीट वाटलं जात नसे, म्हणून त्याला छिन्नीने बारीक खाचा पाडून घ्यायच्या. ते काम. पोरं यमुनाला 'टाकी' म्हणायची, आणि ती कोपऱ्यात बसायची. बोलायची कमी. रेघ मात्र ठाम. खोडायची नाही. खोडरबर नव्हताच तिच्याकडे, हे एक, आणि आईला दगडावर चुकायची सोय नसते, हे दुसरं असावं.

दत्तूनेच एकदा विचारलं, "बाई, आपल्याकडे आहे का ज्वालामुखी?" बाई म्हणाल्या, "दाखवते." शनिवारी पोरांना घेऊन आम्ही ट्रामने किंग्ज सर्कलला आणि तिथून चालत शीवच्या किल्ल्यावर गेलो. पोरं वाटभर उड्या मारत होती. एकाने ज्वालामुखीवर भाजायला दाणे आणले होते. वर गेलो तर झाडं, पडकी भिंत, लांब खाडी आणि पायाखाली काळा दगड.

"बाई, कुठाय?"

"त्याच्यावर उभा आहेस."

दत्तूने खाली बघितलं, पाय आपटून बघितला. "बाई, हा विझलाय."

बाईंनी सांगितलं ते मीही पोरांइतकंच तोंड उघडं ठेवून ऐकलं. आपल्याकडे म्हणे टोकदार डोंगर फुटला नाही. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो रस वर येऊन पसरला. थरावर थर. त्यातच सह्याद्री आला, आणि पार विदर्भापर्यंतची काळी जमीनही त्यातलीच. गार होताना दगड आकसतो, म्हणून त्याला तडे जातात. यमुना तेवढ्यात पायाशी बसून एका तड्यावरून बोट फिरवत होती. चाळीच्या पायऱ्या त्याच्या, घरातला पाटा त्याचाच.

"म्हणजे मुंबईचा दगड आणि घाटावरचा दगड एकच?" मी विचारलं.

"एकाच घाण्यातला," बाई म्हणाल्या.

त्या दिवसांत मुंबई कोणाची यावर माणसं तुरुंगात जात होती. मी संध्याकाळी भिंत लिहायला गेलो तेव्हा बरोबरच्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "परबा, दगडाची साक्ष कोर्टात चालत नाही." न चालू दे. त्या दिवसापासून भिंतीवर लिहिताना माझा हात जास्त घट्ट पडायला लागला.

किल्ल्यावरून उतरताना यमुना एका दगडापाशी थांबली. त्याला बारीक भोकं होती. "आई असला घेत नाही," ती म्हणाली. "भोकांत वाटण अडकतं, मग कुजतं." बाईंनी तो दगड हातात घेतला. "ही भोकं म्हणजे बुडबुडे आहेत, यमुना. आत वाफ कोंडलेली होती, फुटायच्या आधीच वर दगड झाला." यमुनाने माझ्याकडे बघितलं. "खळीसारखं?" मी म्हटलं, "खळीसारखं." येताना ती दत्तूच्या शेजारून चालत होती आणि तोच तिला काहीबाही विचारत होता. 'टाकी' म्हणून नाही, 'यमे' म्हणून.

साहेबांसाठी एक मोठं चित्र करायचं ठरलं, वर्गाच्या सबंध भिंतीएवढं. कागद गिरणीतला, कापडाच्या गाठी गुंडाळायचा तपकिरी. पोरांच्या बापांनी टाकाऊ तुकडे आणून दिले, चित्रांना नाकं मुरडणाऱ्यांनीसुद्धा. आम्ही ते खळीने जोडून भिंतीला ताणले.

आता रंगाबद्दल दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नाटकांचे पडदे रंगवतो ते कोरडे रंग असतात, गेरू, पिवडी, काजळ, सफेदा. ते पाण्यात कालवले तर वाळल्यावर हाताला येतात. म्हणून त्यात सरस घालायचा. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक. वड्या भिजत घालायच्या, मग उकळत्या पाण्यात भांडं ठेवून वितळवायच्या. वास असा की शेजारी भांडायला येतात. सरस कमी पडला तर रंग झडतो, जास्त झाला तर रंग वाळताना आखडतो आणि तडकतो. बरोबर किती, ते कुठल्या पुस्तकात नाही. अंगठ्याच्या नखावर थेंब घ्यायचा, वाळू द्यायचा, दुसऱ्या नखाने खरवडायचा. नख सांगतं. माझं नख कधी चुकलेलं नाही.

तो गाठींचा कागद गुळगुळीत होता, रंग धरेना. म्हणून मी सरस थोडा वाढवला. जेवढा वाढवायला हवा तेवढाच.

चित्र कसं केलं ते ऐका. डोंगर काढायचाच नाही, असं मी ठरवलं. डोंगर व्हायला हवा. प्रत्येक पोराच्या हातात करवंटी दिली, करवंटीत दाट रंग. एकेकाने स्टुलावर चढायचं, वर खुणेला काढलेल्या फटीपासून रंग ओतायचा आणि खाली वाहू द्यायचा. तो वाळला की पुढचा. कोणी गेरू, कोणी काजळात गेरू, मध्ये राखेचा पातळ थर. भांडणं तर विचारू नका.

"पेंटर, हिने माझ्यावर ओतलं. माझा थर दिसतच नाही."

"दत्तू, तुझा थर खाली गेला म्हणून तिचा उभा राहिला. उपकार कर आणि गप बस."

"मग मी दिसणार कुठे?"

"पोटात."

सगळ्यांचे झाले आणि वर्गाच्या भिंतीवर एक बोजड, जाड, लाल-काळा डोंगर उभा राहिला. खिडकीतून ऊन आलं की थरांच्या कडा सावल्या टाकत. पोरं हात लावून बघायची. शिपाईसुद्धा केर काढताना थांबायचा. मी पुष्कळ पडदे रंगवलेत, स्वर्ग, राजवाडे, लंका जळताना. असा एकही नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसऱ्या कोणी ते लिहून ठेवलेलं नाही.

पुढे काय झालं ते मधेच सांगतो, म्हणजे शेवटी घाई नको. ड्रॉइंग मास्तर सुटून आले. त्यांच्या स्वागताचा बोर्ड मीच केला, आणि त्यात त्यांचं नाव शाळेच्या नावापेक्षा मोठं काढलं. त्यांनी मला शनिवारचा तास ठेवला, तो मी पुष्कळ वर्षं घेतला. कुमुदबाईंची बदली झाली. राज्य झालं, तेव्हा इतके बोर्ड बदलायचे होते की जेवायला सवड नव्हती. त्या गडबडीत शाळेला चुना लागला आणि तो डोंगर कोणीतरी खरवडून काढून टाकला. मला कळलं तेव्हा भिंत पांढरी झाली होती. फोटो काढून ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं. ही एक गोष्ट सलते.

आता तपासणीच्या सकाळचं.

त्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला होता. मुंबईला न शोभणारा, ओठ फोडणारा. मी शाळा भरायच्या आधी गेलो, म्हटलं भिंतीवरची धूळ पुसावी. दार उघडलं आणि उभाच राहिलो. सगळा डोंगर तडकला होता. वरपासून खालपर्यंत, जाळंच जाळं. काही ठिकाणी खपल्या उचलल्या होत्या, दोन-चार खाली पडल्या होत्या.

हेडमास्तर मागून आले. त्यांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "परब, आता साहेब येतील हो. वरून जगाचा नकाशा टांगू या. झाकलं जाईल."

"झाकायचं नाही," मी म्हटलं. "धुऊन काढतो."

"धुऊन? अहो, पोरांनी किती दिवस—"

"तडकलेला बोर्ड मी गिऱ्हाइकाला देत नाही. कधी दिला नाही."

हे खरं होतं. एकदा एका सोनाराचा अख्खा बोर्ड एका तड्यापायी मी खरवडून पुन्हा केला होता. पण त्या वेळी मनात सोनार नव्हता. मनात हे होतं की साहेब येणार, विचारणार, हे कोणी केलं, आणि उत्तर येणार, एक पेंटर आहे, गल्लीतला. नळावर जाऊन बादली भरली, फडकं घेतलं. परत आलो तोवर पोरं वर्गात शिरली होती. कुमुदबाईही. सगळे भिंतीसमोर उभे. दत्तूला रडू येत होतं, तो ते नाकाने आत ओढत होता.

मी फडकं पिळलं. "सरका रे."

कोणी सरकलं नाही. यमुना पुढे होती. तिने एका तड्यावर बोट ठेवलं आणि ते तड्याबरोबर खालपर्यंत फिरवत आणलं, जसं तिने किल्ल्यावर फिरवलं होतं. मग वळून म्हणाली,

"मास्तर, पुसू नका. तो गार झालाय."

मला आधी शब्द कळला नाही. दुसरं कोणाला तरी म्हणतेय असं वाटून मी मागे बघितलं. मागे हेडमास्तर होते. एरवी पोराच्या तोंडून चुकून 'मास्तर' आलं तर ते तिथल्या तिथे सुधारायचे, "पेंटर म्हण, पेंटर." त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दारात साहेब उभे.

साहेब काळा कोट घातलेले, म्हातारे, सावकाश चालणारे. ते सरळ भिंतीपाशी गेले. चष्मा काढून अगदी जवळून बघितलं.

"काय आहे हे?"

मग जे झालं ते मी शिकवलं नव्हतं. सगळी एकदम बोलायला लागली. माझा थर खालचा आहे, दिसत नाही पण आहे, दत्तू सांगत होता. ही राख. हे शीवच्या किल्ल्यासारखं. आमचा पाटा पण यातलाच. याला भोंगा नसतो, साहेब. कुमुदबाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि पोरांनाच बोलू देत होत्या.

"आणि हे तडे?"

"गार होताना दगड आकसतो," यमुना म्हणाली. "मग जातात."

साहेबांनी एक खपली बोटाने हळूच दाबून परत जागेवर बसवली. मग मागे वळून हेडमास्तरांना विचारलं, "यांचे चित्रकलेचे मास्तर कोण?"

हेडमास्तर नियमाचे माणूस. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिलो. ते खाकरले.

"हे," ते म्हणाले. "परब मास्तर."

साहेब माझ्याजवळ आले. माझ्या एका हातात बादली, दुसऱ्यात फडकं, नमस्कार करायला हात नाही. ते अगदी हळू, पोरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "तास चालू ठेवा. छान शिकवलंत. पण मास्तर, सरस थोडा जास्त झालाय."

म्हणजे माणसाला रंगातलं कळत होतं.

"नाही साहेब," मी म्हटलं. "हवा कोरडी आहे."

ते हसले. मी हसलो नाही. हवा खरंच कोरडी होती.